झोडियाकचे गोळीबार: घटनास्थळं काय सांगतात आणि कुठे गप्प बसतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

झोडियाक या कधीच न सापडलेल्या अमेरिकन मालिका-खुन्याचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी "पण तो होता कोण?" या स्थानकावर येऊन थांबते. इथली उत्तरं त्याच्या आधीच्या प्रश्नांची आहेत: जागेवर काय सापडलं, त्याचा अर्थ पोलिसांनी काय लावला, आणि तो अर्थ कितपत टिकतो.

प्रकरण थोडक्यात सांगा.

उत्तर कॅलिफोर्निया, डिसेंबर १९६८ ते ऑक्टोबर १९६९. चार हल्ले, पाच मृत्यू, दोन जण बचावले. २० डिसेंबर १९६८ला वलेहोजवळच्या लेक हर्मन रोडवर एक तरुण जोडपं मारलं गेलं. ४ जुलै १९६९च्या मध्यरात्रीच्या सुमारास वलेहोच्या ब्लू रॉक स्प्रिंग्ज पार्कमध्ये गाडीत बसलेल्या दोघांवर गोळीबार झाला; तरुणी गेली, तरुण वाचला. २७ सप्टेंबरला नापा काउंटीतल्या लेक बेरिएसाच्या काठावर चाकूहल्ला. ११ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत पॉल स्टाइन या टॅक्सीचालकाच्या डोक्यात गोळी. मधल्या काळात वर्तमानपत्रांना पत्रं आणि सांकेतिक लिपीतले मजकूर येत राहिले. आजवर कुणावरही आरोपपत्र नाही.

चारही ठिकाणी एकच पिस्तूल वापरलं होतं, असं ऐकलंय. खरं का?

नाही, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. लेक हर्मन रोडवर पॉइंट २२ कॅलिबरचं सेमी-ऑटोमॅटिक होतं. ब्लू रॉक स्प्रिंग्जला ९ एमएम. बेरिएसाला चाकू, पिस्तूल दाखवलं, चालवलं नाही. स्टाइनला लागलेली गोळीही ९ एमएमचीच, पण ती ब्लू रॉकच्या पिस्तुलातली नव्हती. म्हणजे तीन गोळीबार आणि तीन हत्यारं. बॅलिस्टिकच्या टेबलावर नुसता मुद्देमाल मांडला, बाकी काहीच सांगितलं नाही, तर तज्ज्ञ म्हणेल की या तीन प्रकरणांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. तो चुकीचंही बोलत नसेल.

मग हे सगळं एकाच माणसाचं काम, हे कशावरून?

त्यानेच सांगितलं म्हणून. हे उत्तर उद्धट वाटेल, पण वस्तुस्थिती तीच आहे. गुन्हे एकमेकांना जोडणारा जवळजवळ प्रत्येक दुवा गुन्हेगाराने स्वतःच्या हाताने पुरवलेला आहे.

ब्लू रॉकच्या गोळीबारानंतर रात्री १२.४०ला वलेहो पोलिसांना सार्वजनिक फोनवरून एक कॉल आला. बोलणाऱ्याने जागा सांगितली, तपकिरी गाडीचा उल्लेख केला, आणि वर "गेल्या वर्षीची ती पोरंही मीच मारली" अशा अर्थाचं बोलून फोन ठेवला. लेक हर्मन आणि ब्लू रॉक एकत्र आले ते इथे. महिनाअखेरीला तीन वर्तमानपत्रांना पत्रं गेली. त्यांत मुलगा कुशीवर होता की पाठीवर, मुलीचे पाय कुठल्या दिशेला होते, गोळ्या किती झाडल्या, काडतुसांचा ब्रँड कोणता, दुसऱ्या प्रकरणातल्या तरुणीच्या अंगावर नक्षीची पॅन्ट होती, असे तपशील होते. वलेहोच्या पोलिसप्रमुखांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांनी जाहीरपणे आणखी पुरावा मागितला, आणि दुसरं पत्र आलं. "झोडियाक" हे नाव त्यात पहिल्यांदा दिसलं.

बेरिएसाला त्याने पीडित तरुणाच्या गाडीच्या दारावर पेनने आधीच्या दोन हल्ल्यांच्या तारखा, त्या दिवसाची तारीख, वेळ, "चाकूने" एवढा शब्द आणि वर्तुळावर फुलीचं आपलं चिन्ह काढून ठेवलं.

स्टाइनच्या बाबतीत तर सगळंच उलटं झालं. टॅक्सीचालक मेलेला, पाकीट गायब, किल्ल्या गायब. हा लुटीचा गुन्हा आहे असंच कुठलाही पोलीस म्हणेल. सॅन फ्रान्सिस्को पोलिसांनीही तेच म्हटलं. दोन-तीन दिवसांत 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या कचेरीत टपालाने एक लिफाफा आला. त्यात पत्र होतं आणि स्टाइनच्या शर्टाचा फाडलेला, रक्ताळलेला तुकडा. फाटलेली कड मूळ शर्टाला जुळली. घटनास्थळावर एकही वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती, तरी तिथल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ पालटला.

शर्टाचा तुकडा हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा. तिथे कुणाचं "मत" लागत नाही, कापड कापडाला जुळतं. पण तो काय सिद्ध करतो, ते नीट बघा: पत्र लिहिणारा आणि स्टाइनला मारणारा एकच, किंवा निदान त्यांच्यात थेट देवाणघेवाण. लेक हर्मनबद्दल तो तुकडा अवाक्षर काढत नाही.

लेक हर्मन रोडच्या जागेवरून नेमकं काय वाचता येतं?

ही जागा वलेहो आणि बेनिशियाच्या मधली. पंपिंग स्टेशनच्या फाटकासमोर खडी टाकलेली छोटी मोकळी जागा, जिथे जोडपी गाडी लावून बसायची. डिसेंबरची रात्र, रस्त्यावर दिवे नाहीत, जमीन टणक. त्यामुळे बुटांचे किंवा टायरचे कामाचे ठसे मिळाले नाहीत. अकरानंतर थोड्याच वेळात तिथून जाणाऱ्या एका बाईंना हेडलाइटच्या उजेडात दोघं पडलेली दिसली.

मुलगा गाडीच्या अगदी बाजूला, डोक्यात कानामागे जवळून मारलेली एक गोळी. मुलगी गाडीपासून सुमारे २८ फुटांवर, पाठीत उजवीकडे पाच गोळ्या. गाडीची मागची उजवी काच फुटलेली आणि छताला एक गोळी चाटून गेलेली.

आता यातून घटनाक्रम कसा उभा राहतो? काच आणि छत यांवरच्या गोळ्यांनी आत कुणालाच इजा झालेली नाही. म्हणजे त्या बहुधा धाक घालून दोघांना बाहेर काढायला झाडल्या. मुलगा बाहेर पडता पडताच मारला गेला, कारण तो गाडीपासून लांब जाऊ शकला नाही. मुलगी पळाली आणि पळताना पाठीत गोळ्या बसल्या. हा क्रम तपास अधिकाऱ्यांना पटला, मलाही पटतो. फक्त यातली पहिली पायरी, धाक घालण्याची, हा अंदाज आहे. त्याच खुणा "त्याने आधी आत नेम धरला आणि चुकला" या कथेतही चपखल बसतात. जखमा आणि अंतर यांच्यावरून शेवट कळतो. सुरुवात सांगायला कुणी वाचलं नाही.

गोळ्यांचा हिशेबही करून बघा. मुलाला एक, मुलीला पाच, गाडीवर दोन, झाल्या आठ. पत्रात त्याने दहा झाडल्याचं लिहिलं. उरलेल्या हुकून अंधारात गेल्या असणार. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट हाताला लागते. पळणाऱ्या मुलीच्या पाठीत काळोखात पाच गोळ्या लागल्या म्हणून त्याला पट्टीचा नेमबाज ठरवलं जातं, पण नेमबाज म्हणावं तर हुकलेल्याही आहेत, अंतर फार नाही, आणि पॉइंट २२ला झटका नगण्य असल्यामुळे भराभर झाडलेल्या गोळ्याही एका पट्ट्यात बसतात.

पिस्तुलाला टॉर्च बांधल्याचा त्याचा दावा खरा मानायचा का?

ऑगस्टच्या पत्रात तो सांगतो की नळीला छोटी पेन्सिल टॉर्च चिकटवली होती. उजेडाच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो तिथे गोळी जाते, त्यामुळे नेम धरायची गरजच पडली नाही. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. पण जागेवर याला दुजोरा देणारी एकही वस्तू नाही. चिकटपट्टीचा तुकडा नाही, साक्षीदार नाही. शिवाय पोलिसांनी "आणखी तपशील दे" म्हटल्यावर हे आलेलं आहे, म्हणजे शेखी मिरवायची आयती संधी. काडतुसाचा ब्रँड पडताळता येतो, टॉर्च पडताळता येत नाही. दोन्ही एकाच पत्रमालिकेत आले म्हणून दोन्हींना सारखंच वजन द्यायचं, ही सवय सोडायला हवी.

ब्लू रॉक स्प्रिंग्जला "ल्युगर" होतं की "ब्राउनिंग"?

फोनवर तो ९ एमएम ल्युगर म्हणाला. यावरून बरेच जण जर्मन ल्युगर पिस्तूल डोळ्यांसमोर आणतात. पण ९ एमएम ल्युगर हे काडतुसाचंही नाव आहे आणि ते डझनभर वेगवेगळ्या पिस्तुलांत चालतं.

वाचलेल्या तरुणाच्या सांगण्यानुसार गाडी येऊन गेली, काही मिनिटांनी परत आली, माणूस झगझगीत दिवा डोळ्यांवर मारत उजव्या बाजूने आला, त्यामुळे त्यांना पोलीसच वाटला. त्याने एकामागून एक पाच गोळ्या झाडल्या. वळून निघाला. तरुण कण्हला तसा परत आला आणि दोघांवर आणखी दोन-दोन झाडल्या. एकूण नऊ. ल्युगर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये आठ मावतात. मॅगझिन बदलल्याचा उल्लेख नाही, म्हणून तपासकर्त्यांचा कल ब्राउनिंग हाय-पॉवरकडे गेला. त्यात तेरा मावतात. तर्क चांगला आहे. मात्र चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक आधीच भरलेली असेल तर आठ अधिक एक नऊ होतात, हे लक्षात ठेवून मगच ब्राउनिंगच्या नावावर पैज लावा.

पुंगळी आणि गोळी यांवरून पिस्तूल ओळखतात म्हणजे नक्की काय?

दोन पायऱ्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली पायरी "कुठल्या जातीचं" ही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्यांची संख्या, रुंदी आणि पीळ उजवा की डावा, यांची छाप गोळीवर उमटते. लेक हर्मनच्या गोळ्यांवर सहा खाचांचा उजवा पीळ होता. त्यावरून काही मॉडेलांची यादी बनते, एवढंच. दुसरी पायरी "नेमकं हेच" ही. त्यासाठी संशयित पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडून दोन्ही गोळ्या तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात. रिकाम्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनने पाडलेला खड्डा, ती बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरने कडेवर ओढलेली रेघ, हे सगळं बघतात. झोडियाक प्रकरणात पहिली पायरी झाली, दुसरी कधीच झाली नाही, कारण तुलनेला लागणारं पिस्तूलच मिळालं नाही. पॉइंट २२ची मऊ शिशाची गोळी आदळल्यावर वेडीवाकडी होते, हा आणखी एक ताप.

आणि ही तुलना शेवटी तज्ज्ञाचं मत असते. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे आणि प्रा. कलबुर्गी यांच्या खुनांतल्या गोळ्यांबाबत कलिना आणि बंगळुरू इथल्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तेव्हा सीबीआयने उच्च न्यायालयात स्कॉटलंड यार्डचं मत घेण्याची भाषा केली होती. गोळ्या त्याच, सूक्ष्मदर्शक दोन, अहवाल दोन.

टॅक्सीवर रक्ताळलेले बोटांचे ठसे मिळाले होते. मग अडलं कुठे?

ठसे मिळाले, पण अपुरे, आणि ते खुन्याचेच हे गृहीतक. टॅक्सीत दिवसभर माणसं चढतात-उतरतात. खुनानंतर दारापाशी पोलीस, रुग्णवाहिकेचे लोक यांची ये-जा होती. समोरच्या घरातून तीन मुलांनी जे पाहिलं ते असं: एक माणूस पुढच्या सीटवर मृताशी झटापट केल्यासारखं काहीतरी करतोय, मग फडक्याने गाडी आतून-बाहेरून पुसतोय. जो पुसतो, त्याचा एखादा ठसा राहून जाऊ शकतो. जो पुसतो, त्याचाच ठसा राहिला असेल असं मात्र नाही.

नोव्हेंबरच्या पत्रात त्याने लिहिलं की बोटांना विमानाच्या मॉडेलांना वापरतात त्या गोंदाचे दोन थर लावले होते, आणि पोलिसांना पळवायला आपण खोट्या खुणा सोडल्या आहेत. हे खरं असेल तर ठसा निरुपयोगी. हे खोटं असेल तर ठशाची त्याला धास्ती वाटत होती असा अर्थ निघतो. मला दुसरं जास्त पटतं. ज्याला काळजी नसते तो असा खुलासा करायला बसत नाही. पण हा माझा अंदाज आहे, पंचनाम्यातली ओळ नव्हे. व्यवहारात या ठशाचा उपयोग आजवर संशयितांना वगळण्यासाठी झाला, आणि ठसा खुन्याचा असल्याची खात्री नसताना त्यावरून कुणाला वगळणंही तितकंच कच्चं ठरतं.

त्या रात्री पोलिसांना तो रस्त्यात भेटला होता, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. कंट्रोल रूममधून संशयिताचं वर्णन चुकीचं प्रसारित झालं: कृष्णवर्णीय पुरुष. मुलांनी गोरा माणूस पाहिला होता. त्या काही मिनिटांत दोन गस्ती पोलिसांनी जॅक्सन स्ट्रीटवरून चालत जाणारा एक गोरा माणूस पाहिला आणि ते पुढे निघून गेले. तो खुनी असण्याची शक्यता दाट आहे. पुढे रेखाचित्र सुधारून पुन्हा काढलं तेव्हा त्यातला माणूस वयाने मोठा झाला, याचीही आठवण ठेवा. पहिलं चित्र आणि दुसरं चित्र यांतलं सोयीचं तेवढं उचलून लोक आपापला संशयित त्यात बसवतात.

बेरिएसा चाकूहल्ला होता. गोळीबाराच्या चर्चेत त्याचं काय काम?

बुटांसाठी. तिथल्या मातीत साडेदहा नंबरचे ठसे मिळाले, 'विंग वॉकर' या लष्करी पुरवठ्यातल्या बुटांचे. ठसे खोल होते. शेरीफच्या खात्यातल्या २१० पौंडांच्या एका डेप्युटीला बाजूला चालवून पाहिलं, त्याचा पाय तेवढा रुतला नाही, म्हणून खुनी २२० पौंडांच्या आसपास किंवा वर, असा अंदाज बांधला. मजेशीर प्रयोग, पण वजन कंबरेला काय लटकवलंय, माणूस कसा चालतोय, माती त्या तासाला किती ओली होती, यावरही अवलंबून असतं. लष्कराशी संबंध असेल? असेल. असे बूट जुन्या मालाच्या दुकानांतही मिळायचे.

हस्ताक्षरावर किती भरवसा ठेवायचा?

पत्रं आपसात जुळवायला चांगला. पत्रांवरून अनोळखी माणूस शोधायला कमी. १९७८मध्ये आलेलं एक पत्र आधी अस्सल ठरवलं गेलं, नंतर इतर तज्ज्ञांनी ते बनावट म्हटलं. तोवर झोडियाकची अक्षरं वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून आली होती की गिरवणाऱ्याला नमुना आयताच होता.

डीएनएने निकाल का लागत नाही? गोल्डन स्टेट किलर सापडला की.

गोल्डन स्टेट किलर, म्हणजे कॅलिफोर्नियातलाच दुसरा मालिका-खुनी जोसेफ डिअँजेलो, एप्रिल २०१८मध्ये पकडला गेला तो वंशावळीच्या संकेतस्थळावर नातेवाइकांचा माग काढून. पण त्याच्या गुन्ह्यांतून तपासणीयोग्य भरपूर नमुना जपून ठेवलेला होता, आणि तो गुन्हेगाराचाच आहे यात शंका नव्हती. झोडियाकने पहिल्या दोन गोळीबारांत पीडितांना जवळजवळ स्पर्श केला नाही. उरतात पत्रांची तिकिटं आणि पाकिटं. २००२मध्ये त्यांवरून आंशिक प्रोफाइल काढलं. पण ती पाकिटं किती हातांतून गेली असतील: टपाल खातं, वर्तमानपत्राची कचेरी, चार पोलीस खाती, हस्ताक्षरतज्ज्ञ, सगळे १९६९च्या पद्धतीने, हातमोजे न घालता. तिकीट चाटलं कुणी, हे तर वेगळंच. गोळीबाराच्या घटनांत गुन्हेगार दूर उभा असतो आणि जागेवर स्वतःचं शरीर सोडत नाही. डीएनएच्या दृष्टीने हा सगळ्यात कंजूष प्रकार.

आर्थर ली अॅलनचं काय?

सगळ्यात जास्त तपासला गेलेला संशयित. घरांची झडती झाली, पण आरोप कधी ठेवला गेला नाही. १९९२मध्ये तो मरण पावला. ठसे जुळले नाहीत, हस्ताक्षर जुळलं नाही, २००२चं आंशिक डीएनए जुळलं नाही. त्याच्या विरोधात जे आहे ते परिस्थितिजन्य आणि लोकांच्या आठवणींवर उभं. वर सांगितल्याप्रमाणे ठसा आणि डीएनए दोन्ही खुन्याचेच याची हमी नाही, त्यामुळे त्याचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही बोलायला जागा उरते, आणि ते ती पुरेपूर वापरतात.

त्याने ३७ बळी सांगितले होते.

आकडा त्याचा आहे. पाच खून आणि दोन जखमी एवढेच तपास यंत्रणांनी निश्चितपणे त्याच्या नावावर मांडले. ज्या खुनांचे तपशील आधी पेपरात आले आणि मग त्याने श्रेय घेतलं, ते मोजू नका.

२०२०मध्ये सांकेतिक पत्र उलगडलं, त्यातून काही कळलं?

३४० चिन्हांचं ते पत्र अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तीन हौशी मंडळींनी मिळून सोडवलं आणि एफबीआयने त्याला दुजोरा दिला. मजकुरात मला पकडायला मजा येतेय ना, टीव्हीवर फोन केलेला मी नव्हतो, मरणाची भीती नाही, असली बडबड. नाव नाही, जागा नाही.

आज पुन्हा तपासायचं झालं तर हात कुठून घालायचा?

माझ्या मते पुंगळ्यांपासून. त्यांच्यावर मत बदलणाऱ्या साक्षीदाराचा परिणाम होत नाही आणि त्या टपालातून फिरलेल्या नाहीत. १९६९मध्ये सोलानो काउंटी (लेक हर्मन रोड तिच्यातच), वलेहो, नापा आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या पोलिसांकडे एकमेकांचा मुद्देमाल ताडून पाहणारी सामायिक यंत्रणा नव्हती. आता पुंगळ्यांच्या प्रतिमा संगणकावर चढवून देशभरच्या नोंदींशी जुळवता येतात. त्या तीन पिस्तुलांपैकी एखादं नंतर कुठल्या क्षुल्लक गुन्ह्यात जप्त होऊन पोलिसांच्या गोदामात पडलेलं असेल, तर ते अशाच तुलनेतून बाहेर येईल. मग त्याच्या नोंदणीचे, विक्रीचे कागद काढायचे. बेरिएसाला पीडितांना बांधायला वापरलेली दोरीही आहे: गाठ मारणाऱ्याचा हात त्या दोरीवर घट्ट दाबला गेला होता, तिकिटाला लागलेल्या थुंकीपेक्षा तिथे शोधणं जास्त शहाणपणाचं.